मनगटावरचं वाकडं पान

शिवांगी कागद घेऊन बसली की घरच्यांनी चहाची आशा सोडावी, असं तिचा नवरा म्हणायचा. खोडरबर कोरून ती शिक्के करी, हातकागदावर ते उमटवून वह्या शिवी, उरल्यासुरल्या तुकड्यांची पाकिटं आणि तोरणं बनवी. यंदा लातूरच्या प्रदर्शनात बायका तिच्या वह्यांवर तुटून पडल्या, त्या एका शिक्क्यामुळे. मधे टिंब, भोवती चार पानं, त्यातलं एक वाकडं.

ते तिच्या सासूच्या, केवळाबाईंच्या मनगटावरचं गोंदण होतं. दुपारी त्या झोपलेल्या असताना शिवांगीने मोबाइलवर फोटो काढून घेतला होता. विचारता आलं असतं. पण म्हातारी नको म्हणाली तर? म्हणून तिने विचारलंच नाही. घरात तो शिक्का केवळाबाईंच्या नजरेला पडला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. चोराच्या मनात चांदणं. शिवांगीनेही विषय काढला नाही.

प्रदर्शनात केवळाबाई मदतीला आल्या होत्या. स्टॉलमागे बसून पिशव्या भरत होत्या.

"हे वाकडं पान काय गोड आहे हो!" एक बाई म्हणाल्या. "मुद्दाम केलंय?"

"हो, मुद्दामच," शिवांगी म्हणाली. "माझंच डिझाइन आहे."

बोलून गेली आणि तिने मागे पाहिलं. केवळाबाईंनी पदर ओढून मनगट झाकलं आणि पुढची पिशवी उचलली.

उदगीरला परतताना एसटीत एरवी शेजारणीचं माहेर-सासर काढणाऱ्या केवळाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शिवांगीला स्वतःची लाज वाटली.

"आत्याबाई, चुकलं माझं. तुम्ही झोपला होतात, तेव्हा फोटो काढला मी."

केवळाबाई खिडकीकडून तिच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "ते पान वाकडं कसं झालं, ठाव हाय का? जळकोटच्या जत्रेत माझी धाकटी बहीण मथुरा आधी बसली गोंदायला. सुई टोचली अन् तिनं हात वढला. पान वाकडं झालं. लई रडली, पोरी हसतील म्हणून. मंग मी म्हणले, माझंबी वाकडंच काढा." त्यांनी पदर सारखा केला. "मथुरा गेली लौकर. मानसासंगं गोंदण तेवढं जातंय म्हणतेत. वर ती ह्या पानावरून वळखंल मला."

घरी पोचताच शिवांगीने कटर घेतला आणि शिक्क्याचे तुकडे केले. त्याने मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. सकाळी तिने ते तुकडे सासूपुढे ठेवले.

"हे कशाला केलंस?"

"तुमचं अन् मथुरामावशीचं होतं ते. मी बाजारात मांडलं."

"येडी हायस. शिक्का बघितला तवा खूशच झाले व्हते मी. मथुराचं पान चार घरी जाईल, म्हणलं जाऊ दे. तू 'माझंच डिझाइन' म्हणलीस, ते लागलं. अन् झोपेत घेतलंस, ते लागलं. मागितलं असतंस तर हात धुऊन समोर बसले नसते का?"

शिवांगीने मान खाली घातली. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं, हे सोसेना.

केवळाबाईंनी पदर बाजूला केला आणि मनगट तिच्यापुढे धरलं.

"कोर पुन्हा. पण आता माग."

केवळाबाई हात तसाच धरून थांबल्या.