बिळात राहिलेली आई

मित्रांनो, मी एक फार जुनी आई आहे. किती जुनी? डोंगर मोजा, मग मला मोजा. तुम्ही मला डायनासोर म्हणता, पण 'डायनासोर' ऐकून दचकू नका. वजनाने मी शेळीएवढी होते आणि नेच्याचे कोवळे शेंडे खाऊन जगत होते.

माझं घर मी स्वतः बांधलं. तोंडाने माती उकरायची, खांद्याने रेटायची, मागच्या पायांनी बाहेर उडवायची. वाकडं वळण घेतलेलं छान बीळ झालं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्यात माझी दोन पिल्लं वाढली. दिवसभर एकमेकांच्या शेपट्या ओढायची. केवढे सुखाचे दिवस होते ते!

एकदा नदीला पूर आला. बिळात वाळू घुसली. पिल्लं माझ्या पाठीमागे होती. पुढचं मला आठवत नाही.

त्यानंतर कोट्यवधी वर्षं मी दगड होऊन पडून होते. शेवटी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका उतारावर माझी पाठ उघडी पडली. ते रान वर्ना लिंडक्विस्ट या सत्तरीच्या बाईंचं होतं. त्यांनीच मला पाहिलं आणि संग्रहालयाला कळवलं. कोल्बी रीस नावाचे शास्त्रज्ञ माणसं घेऊन आले. माझी हाडं पाहून त्यांनी टोपी हवेत उडवली. मी मनातून फुलून गेले.

पण आठव्या दिवशी आभाळ भरून आलं. बर्फ पडणार होतं.

"एवढी हाडं काढा आणि निघा," कोल्बी म्हणाले. "मागे नुसता दगड आहे."

वर्नाबाई गुडघ्यांवर बसल्या. "नुसता दगड? सभोवार लाल माती, आणि हा पट्टा पांढरा. शिवाय वळतोय. अहो, हे बीळ आहे!"

"वर्नाबाई, ही हाडं डायनासोरची आहेत, सशाची नाहीत."

"चाळीस वर्षं या रानातली बिळं बुजवतेय मी. बीळ कसं असतं ते मला नका शिकवू. सबंध उचला."

"पाठ मोडेल सगळ्यांची!"

"तुमची मोडेल. माझी आधीच मोडलीय."

सगळे हसले. कोल्बीही हसले, आणि तिथेच विरघळले. ओलं गोणपाट आणि प्लास्टर गुंडाळून त्यांनी वळणासकट सगळा दगड बांधला. पहिलं बर्फ पडत असताना आठ जणांनी तो ओढत गाडीत चढवला. वर्नाबाई मागून ढकलत होत्या आणि सगळ्यांना शिव्याही देत होत्या.

संग्रहालयात कोल्बी रोज सुईने वाळू टोकरत. एके सकाळी त्यांचा हात थांबला. माझ्या पाठीमागे बोटाएवढी हाडं होती. त्यांनी लगेच फोन लावला.

"वर्नाबाई, दोन आहेत!"

"दोन काय?"

"पिल्लं!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वर्नाबाई रागावल्यासारख्या म्हणाल्या, "मग त्यांना आईपासून हलवू नका. मी निघालेच."

त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. आज आम्ही तिघं एकाच काचेआड, जशी होतो तशीच आहोत. वर्नाबाई दर रविवारी येतात आणि अनोळखी माणसांना थांबवून आमची ओळख करून देतात.

मित्रांनो, जमिनीत काही सापडलं तर चांगला तुकडा खिशात घालून पळू नका. त्याच्या शेजारचंही पाहा, जाणत्या माणसाला बोलवा, थोडं थांबा. कुणाचं तरी अख्खं कुटुंब तिथे असू शकतं.