दुसऱ्या टोकाचे टाके

चाळीस वर्षं रुग्णालयात काढलेली मेट्रन निवृत्त होऊन घरी बसली की घराचाच वॉर्ड होतो, हे तिच्या नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. चादरीवरची सुरकुती, डब्याचं उघडं राहिलेलं झाकण, दाराशी वाकडी पडलेली चप्पल, कशाचीही गय नव्हती. नवरा घड्याळजी, स्वभावाने सोशिक. भिंग डोळ्याला लावून मान खाली घालायचा आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा थांबेपर्यंत वर बघायचा नाही. अखेर त्यांच्या लेकीनेच, आता तिचंही वेगळं घर झालं होतं, जुन्या कपड्यांचं एक बोचकं आणून आईपुढे ठेवलं. लग्नाआधी तू गोधड्या शिवायचीस ना, मग शीव की पुन्हा, असं म्हणाली. बाबांना दुपारचा तरी थोडा श्वास घेता यावा, एवढाच तिचा हेतू होता.

मेट्रनबाईंनी नाक मुरडलं, सुई हातात घेतली आणि त्या स्वतःच चकित झाल्या. हात काहीच विसरले नव्हते. नवऱ्याच्या विरलेल्या सदऱ्यांचे चौकोन, लेकीच्या शाळेच्या फ्रॉकची निळी पट्टी, खाली जुन्या चादरींचे थर आणि वर तांदळाच्या दाण्याएवढे, शिस्तीत चाललेले टाके. जेवण झालं की त्या खिडकीशी बसायच्या, ते दिवे लागले तरी भान नसायचं. वेळ कसा गेला कळलंच नाही, असं त्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणू लागल्या आणि म्हणताना चक्क हसायच्या.

तिसऱ्या आठवड्यात गोधडी पुरती पसरली, तेव्हा समोरच्या कडेला चार ओळी दिसल्या. टाके लांब, सैल, मनाला येईल तसे वळत गेलेले. हाताखालच्या नर्सने साधं बटण जरी असं लावलं असतं तरी त्यांनी तिला धारेवर धरलं असतं. त्यांनी ते सगळे उसवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे सहा ओळी होत्या. संशय साहजिकच घड्याळजींवर आला. त्यांनी भिंग काढून बायकोकडे पाहिलं.

"अगं, तूच शिवलंस. माझ्यासमोर, डाव्या हाताने."

मेट्रनबाईंना डाव्या हातात चमचाही धरता येत नव्हता.

"आणि बोलत होतीस," ते म्हणाले. "इतकं छान बोललीस काल. एवढ्या वर्षांत अशी कधी बोलली नव्हतीस."

मी काय बोलले, हे विचारायचा मेट्रनबाईंना धीर झाला नाही. स्वतःची नाडी मोजली, रक्तदाब बघितला, ओळखीच्या डॉक्टरांकडून डोक्याची तपासणीही करून घेतली. सगळं ठणठणीत होतं. मग त्यांनी लेकीला फोन करून आडूनआडून विचारलं. लेकीने लगेच सांगून टाकलं. लहानपणी ती तापाने फणफणली असताना आई ड्यूटी सोडून आली नव्हती. गेल्या मंगळवारी, तिच्या केसांतून हात फिरवत, आईने त्याची माफी मागितली होती.

मेट्रनबाईंनी फोन ठेवला. माफी मागणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आपल्या तोंडाने कोणी दुसरीच बोलते, याची भीती होतीच. पण तिला आपल्यापेक्षा जास्त माया आहे, या विचाराने त्या मुळापासून हादरल्या. तपासण्या चालू असतानाही शिवण थांबली नव्हती; दोन्ही टोकांकडून आलेले टाके आता मध्यावर येऊन ठेपले होते, मधे वीतभर जागा उरली होती. ती भरली की पुढे काय, हा विचारही नको वाटला. त्यांनी गोधडी कपाटात कोंबली आणि कुलूप घातलं.

घरातल्या चादरी पुन्हा ताठ झाल्या. घड्याळजी पुन्हा भिंगाआड गेले, आणि या वेळी बोलणं थांबलं तरी वर बघेनासे झाले. लेकीचा फोन यायचा, पण पहिला प्रश्न ठरलेला, "आई, शिवत बसली आहेस का?" नाही म्हटलं की, "बरं, मग नंतर करते." ते नंतर कधी उजाडायचं नाही. उभ्या आयुष्यात मरणापुढे न डगमगलेली बाई एकदा न्हाणीघरातला नळ सोडून ढसाढसा रडली.

रविवारी दुपारी त्या बाहेरून आल्या, तर लेक येऊन बसली होती आणि गोधडी खिडकीशी अंथरलेली होती. घड्याळांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळणाऱ्या माणसाला कपाटाचं कुलूप ते काय जड! घड्याळजी सुईत दोरा ओवत होते. लेकीने उठून आईला खिडकीशी बसवलं, तिचा डावा हात हातात घेतला आणि त्यात सुई ठेवली.

"मला नाही शिवायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी आहे ना इथे. माझ्याशी बोला की."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. मग वॉर्डाच्या दारात अडून बसलेल्या अनोळखी माणसाला समजवावं, तशा हळू आवाजात लेक म्हणाली,

"थोडा वेळ शिवा ना. आम्हाला आईला भेटायचंय."