एकतीस ऑक्टोबरची फेरी

"मला शिकवतोस? चौतीस वर्षं बस चालवली मी या डोंगरात. बर्फात, धुक्यात. एक ओरखडा नाही!"

"बसला हिवाळी टायर होते, आजोबा! हिला नाहीत!"

"पाय काढ."

"नाही काढत."

माझा बूट गाडीच्या पुढच्या चाकासमोर होता. गॅरेजचं दार सताड उघडं, बाहेर दोन अंश, आणि आजोबांनी सकाळी दहा वाजता चर्चला घालायचा कोट घातलेला. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मला हसूही येत होतं आणि डोकंही फिरलं होतं. माझं डोकं तसं लवकर फिरतं. शाळा त्यामुळेच सुटली.

शाळा सुटल्यापासून मी गावातल्या टायरच्या दुकानात आहे. ऑक्टोबरात आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. उन्हाळी काढा, हिवाळी लावा, दिवसाला चाळीस गाड्या. त्यामुळे यातलं मला आजोबांपेक्षा जास्त कळतं, आणि हे त्यांना सहन होत नाही. उन्हाळी टायर, तेही अशा पळणाऱ्या गाडीचे, सात अंशांच्या खाली कामाचे नसतात. गरम रस्त्यावर च्युइंगमसारखे चिकटतात, थंडीत मात्र दगड होतात. मी खाली वाकून टायरला नख लावलं.

"बघा. रुततंय का? बघा ना!"

"बाजूला हो, लेव्हिन."

"आईची गाडी न्या. तिला मी स्वतः हिवाळी लावलेत, मंगळवारी."

"टील्मानबाईंना मी आईच्या गाडीचं नाही सांगितलेलं."



टील्मानबाई म्हणजे खालच्या निडरलॉख गावातल्या. तालुक्याच्या कचेरीत कारकून होत्या. एकोणीस वर्षं सकाळी सहा चाळीसच्या बसला चढायच्या, दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसायच्या. एकोणीस वर्षं त्यांनी आजोबांचा उजवा कान बघितला आणि आजोबांनी आरशात त्यांची टोपी बघितली. बोलणं काय, तर "गुड मॉर्निंग टील्मानबाई" आणि "गुड मॉर्निंग ड्रायव्हरसाहेब". आजी तेव्हा होती. आता आजी नाही, टील्मानबाईंचे मिस्टर तर त्याच्याही आधी गेले.

निवृत्त झाल्यावर आजोबांनी ही गाडी घेतली. राखाडी, दोनच सीटची, छत उघडता येणारी, इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर. जन्मभर वेळापत्रकाच्या चालीने चाललेला माणूस, म्हणाला एकदा तरी स्वतःच्या चालीने जाईन. नंबरप्लेटच्या टोकाला चार आणि दहा हे आकडे. म्हणजे गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर येणार, विमा तेवढ्याचाच. बाकीचे महिने ती कापडाखाली झोपते. म्हणून तर हिला हिवाळी टायर कधी घेतलेच नाहीत. कोणीच घेत नाही.

एप्रिलमध्ये बेकरीत टील्मानबाई भेटल्या. मी शेजारी उभा होतो. त्या म्हणाल्या, "काय हो ड्रायव्हरसाहेब, इतकी वर्षं पास काढून बसले, आता फुकट नेणार का एकदा?"

आजोबांचे कान लाल झाले. "नेतो की. जरा हवा चांगली होऊ दे."

मे महिन्यात झाडांच्या परागांचा पिवळा भुगा उडतो, गाडी खराब होते. जूनमध्ये पाऊस. जुलैमध्ये म्हणे सीटचं कातडं फार तापतं, बाईमाणसाला कसं बसवायचं. ऑगस्टमध्ये गवताचे ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल टाकतात. सप्टेंबरात टील्मानबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दर शनिवारी आजोबा गाडी धुवायचे, भांग पाडायचे, किल्ली खिशात घालून अंगणात एक फेरी मारायचे आणि घरात येऊन बटाटे सोलायला बसायचे. एप्रिलमध्ये मीच लावलेल्या त्या नव्या टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा झिजले नव्हते.

आणि या सोमवारी बेकरीवालीने सांगितलं, टील्मानबाईंनी घर विकलं. मुलीकडे जाणार, पार उत्तरेला समुद्राकाठी, ब्रेमरहाफनला, कायमच्या. शुक्रवारी दुपारी दोनला मुलगी न्यायला येणार. शुक्रवार म्हणजे एकतीस ऑक्टोबर, गाडीचाही रस्त्यावरचा शेवटचा दिवस. आजोबांनी घरी येऊन फोन लावला. उभं राहून बोलले, जसं काही डेपोच्या साहेबाशी बोलतायत.

"अकराला येतो."

पलीकडून काहीतरी विचारलं असणार, कारण ते म्हणाले, "हो हो. गाडी घेऊनच."

शुक्रवारची सुट्टी मी दुकानात भांडून घेतली होती, त्यांना अडवायला. तर शेवटी मी चाकासमोरून पाय काढला. पण दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

"उतर. ती जागा तुझी नाही."

"निडरलॉखला उतरेन. तोपर्यंत माझी आहे."

"हट्टी गाढवा."

"तुमच्यावरच गेलोय."

गावाबाहेरच्या चौकात त्यांनी क्लच सोडला आणि गाडीची शेपूट कुत्र्यासारखी हलली.  नंतर आजोबा चाळीसने जायला लागले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलेलं, जणू बसचंच मोठं चाक आहे. मागे सात-आठ गाड्यांची रांग लागली. दुधाच्या टँकरने हॉर्न मारला. चढावर एक ट्रॅक्टर आमच्या पुढे गेला. खरंच गेला. त्यावरच्या पोराने आमच्याकडे बघून दोन्ही हात हवेत उडवले.

"थुंकू का त्याच्यावर?" मी म्हटलं.

"काच खाली नको करू. थंडी आत येते."

थोडं हसलो आम्ही. मला वाटलं, चला, जमेल.

लाकडाच्या वखारीपाशी वळण आहे. तिथे डोंगराची सावली असते, ऊन दुपारशिवाय पोचत नाही. रस्त्यावर बीचच्या झाडांची ओली पानं, त्याखाली पांढरं दव गोठलेलं. आजोबांनी सगळं बरोबर केलं. वेग आधीच कमी केला, ब्रेक दाबला नाही. तरी मागची चाकं निघाली. आवाज नाही, काही नाही. टेबलावर ताटली फिरवावी तशी गाडी फिरली, अगदी सावकाश, आणि आलो त्या दिशेला तोंड करून कडेच्या गवतात थांबली.

कुठे लागलं नाही. पण माझ्या काचेबाहेर, हातभर अंतरावर, किलोमीटरचा दगड होता. जुना, कमरेएवढा.

आजोबांनी इंजिन बंद केलं. त्या दगडाकडे बघितलं, मग माझ्या सीटकडे. माझ्याकडे नाही, सीटकडे.

"इथं ती बसली असती," ते म्हणाले.

नुसतं 'ती' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

"परत येताना ऊन येईल इथे. दव वितळेल," मी म्हणालो. सकाळपासून भांडत होतो तो मी, आणि आता मीच सांगत होतो. "हळू गेलं तर..."

"नाही."

"आजोबा, त्या वाट बघत असतील."

"बस येईल आता. अकरा दहाची."

गाडी आम्ही ढकलून वखारीच्या आवारात लावली. मी सतराचा. लायसन्स आहे, पण आजोबा शेजारी बसले असतील तरच चालवता येतं. म्हणून मला तिथेच थांबावं लागणार होतं. बस आली. देनिझ चालवत होता, त्याला आजोबांनीच शिकवलंय. त्याने थांबा नसताना ब्रेक मारला.

"मास्तर? काय झालं? गाडी बिघडली?"

"गाडी ठीक आहे. निडरलॉखचं एक तिकीट दे."

"तुम्हाला कसलं तिकीट!"

"दे म्हणतो ना."

निवृत्तीनंतर ते बसमध्ये कधी चढले नव्हते. पैसे मोजून दिले, तिकीट कोटाच्या खिशात ठेवलं, आणि कुठे बसायचं ते न कळल्यासारखे उभेच राहिले. बस गेली.

पुढचं मला देनिझने संध्याकाळी सांगितलं. टील्मानबाई फाटकात उभ्या होत्या. हिरवा ओव्हरकोट, हातात पर्स, डोक्याला रुमाल बांधलेला, उघड्या गाडीत केस उडू नयेत म्हणून. बसमधून आजोबा उतरले तेव्हा त्यांनी रस्त्यावर मागेपुढे बघितलं.

"गाडी?"

"थंडी आहे, टील्मानबाई. टायर धरत नाहीत."

"पाऊस झाला, ऊन झालं, आता थंडी. तुमची बस कधी चुकली नाही हो, ड्रायव्हरसाहेब. मग हेच कसं चुकलं?"

देनिझ म्हणाला, आजोबांनी टोपी काढून हातात धरली फक्त. शेवटी बाईच म्हणाल्या, "चला, माझ्याकडे दोन तास आहेत. हा मुलगा परत येईल तेव्हा चढू."

मी वखारीत ओंडक्यावर बसून गोठत होतो, तेवढ्यात खालून बस आली. दाराजवळची पहिली सीट. खिडकीशी टील्मानबाई, शेजारी आजोबा, मांडीवर टोपी. बाईंनी गाडी बघितली. काचेला बोट लावून काहीतरी म्हणाल्या, हसल्या, मला हात केला. रुमाल अजून बांधलेलाच होता. आजोबांनी मान वळवली नाही. ते त्यांच्याकडेच बघत होते, आरशातून नाही, सरळ, एवढ्या जवळून. तासाभराने बस परत खाली गेली. दोघं तसेच, त्याच सीटवर.

अडीचला आजोबा एकटे आले. देनिझने पुन्हा थांबा नसताना उतरवलं. मी बघितलं, ते त्याच सीटवर बसून आले होते, बाहेरच्या कडेला. खिडकीकडची जागा रिकामी ठेवून.

मला विचारायचं होतं, काय झालं, पत्ता घेतलात का, फोन करणार का. पण एवढं तर मलाही कळतं.

वळणावर ऊन आलं होतं. रस्ता कोरडा, नऊ-दहा अंश. टायरला नख लावलं, किंचित रुतलं. चार तासांचा फरक. मला त्या उन्हाला एक लाथ घालावीशी वाटली.

आजोबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून उजव्या बाजूच्या, शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावला. हात कुठे ठेवायचे ते शोधलं, मग दाराच्या मुठीवर ठेवले.

मी निघालो. बराच वेळ ते काचेतून बाहेर बघत होते.

"इथून दरी दिसते," ते म्हणाले. "माझ्या बाजूने नाही दिसत."

"हो."

पुढे सफरचंदाची बाग गेली. मग तळं. प्रत्येक वेळी ते थोडं पुढे वाकून नीट बघायचे, पुन्हा मागे टेकायचे.

"हळू," ते म्हणाले.

मी तीसवरच होतो. पंचवीस केला. मागे कोणीतरी हॉर्न वाजवला, मी मधलं बोट दाखवायला हात उचलला आणि खाली घेतला.

"अजून हळू चालेल," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी उतरलो. ते उतरले नाहीत. गॅरेजचं दार मी अर्धं ओढून घेतलं.

हे कालचं. आज रेडिओवर बर्फ सांगितलाय, दुकानासमोर आत्ताच बारा गाड्या उभ्या आहेत आणि मालकीणबाई माझ्या नावाने ओरडतायत. मला निघायला हवं.