खोकं भरल्याशिवाय सील नाही

सासुरवाडीत जावईबापूंना तंत्रज्ञ ही पदवी कशी मिळाली, ती हकिकत फारशी भूषणावह नाही. लग्नानंतर लवकरच सासऱ्यांच्या टीव्हीचा रिमोट चालेना, तेव्हा यांनी उलटे बसलेले सेल काढून सुलटे बसवले. एवढंच. पण बसवताना कपाळाला आठ्या घालून त्यांनी असा काही 'हं' म्हटला, की घरदार त्यावर फिदा झालं. वास्तविक जावईबापूंचं चष्म्याचं दुकान. पण आयता मिळालेला मान सोडवतो कोणाला? तेव्हापासून त्या घरात काहीही रुसलं की बोलावणं यांनाच.

या वेळी रुसली होती एक डिस्क. सासऱ्यांनी घरीच भरलेली, त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभाची. सासरे जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि इतके दिवस त्या डिस्ककडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता मात्र सासूबाईंना ती पाहायचीच होती, कारण आत्याबाईंनी त्यांना खोटं पाडलं होतं.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. मागच्या आठवड्यात सगळे जेवायला जमले असताना सासूबाई सहज बोलून गेल्या, की त्या समारंभाच्या दिवशी हे म्हणाले होते, सगळं तुझ्यामुळे उभं राहिलं. आत्याबाईंनी हातातला घास खाली ठेवला. दादा आणि कौतुक? मी पहिल्या रांगेत बसले होते, असलं काही कानावर आलं नाही. वर मायेने पुस्ती जोडली की वहिनी, वय झालं की माणसाला असं वाटायला लागतं. सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गप्प बसल्या, आणि ते फार वाईट लक्षण होतं.

तर जावईबापू हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. डिस्क प्लेअरमध्ये घातली, पडद्यावर 'डिस्क वाचता येत नाही' अशी पाटी आली. बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा तीच पाटी. मग त्यांनी चष्म्याचं मऊ फडकं काढून डिस्क मधून कडेकडे पुसली, गोल गोल पुसायची नसते हे सगळ्यांना दोनदा ऐकवलं, आणि घातली. पाटी. प्लेअरच्या भिंगावर धूळ असेल म्हणून तो उघडून भिंग पुसलं. पाटी. शेजाऱ्यांचा प्लेअर मागून आणला, तोही तेच बोलला. बायकोच्या कॉम्प्युटरने तर कहर केला. ही डिस्क कोरी आहे, यावर काही भरायचं आहे का, असं त्याने अदबीने विचारलं.

हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. कोरी म्हणजे काहीच नाही का, असं त्यांनी विचारलं. जावईबापू 'हं' म्हणाले, पण या वेळी त्या 'हं'मध्ये दम नव्हता.

शेवटी आपल्याला खरोखर येतं ते एकच काम त्यांनी केलं. एखादं भिंग तपासावं तशी डिस्क खिडकीपाशी धरून तिरपी केली. ओरखडा एकही नव्हता. मात्र मधल्या भागात गडद पट्टा दिसत होता आणि त्याच्या बाहेरचा भाग फिकट होता. म्हणजे आत काहीतरी भरलेलं होतं, आणि बाहेर बरीच जागा शिल्लक होती. मग कॉम्प्युटर खोटं का बोलतोय?

तेव्हा भाजी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोला आठवलं. बाबा डिस्क भरायचे ते त्या मोठ्या रेकॉर्डरवर. काम संपलं की ते मशीन विचारायचं, डिस्क बंद करायची का? बाबा दर वेळी ओरडायचे, अजिबात नाही.

ओरडणारच. सासरे जन्मभर कारखान्यात स्टोअरकीपर होते. खोकं भरल्याशिवाय सील मारायचं नाही, हा त्यांचा धर्म. घरातली पिठाची पिशवीसुद्धा ते रिकाम्या जागेची हळहळ करत बांधायचे. अर्धी रिकामी डिस्क बंद करून टाकायची म्हणजे त्यांच्या दृष्टीने उधळपट्टी. आणि नेमकी तिथेच मेख होती. बंद न केलेली डिस्क ज्या मशीनवर भरली त्याच मशीनला कळते. बाकीच्यांच्या लेखी ती कोरी किंवा बिघडलेली.

जावईबापूंनी विजयी मुद्रेने विचारलं, की मग ते मशीन कुठे आहे? मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. ते मशीन आत्याबाईंकडे होतं. दादाची आठवण म्हणून त्या घेऊन गेल्या होत्या, आणि आठवणीवर सध्या फुलदाणी ठेवलेली होती.

सासूबाईंनी डिस्क पदराने पुसून डब्यात ठेवली आणि विषय संपवला. जिने खोटं पाडलं तिच्याच दारात पुरावा मागायला जायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. जावईबापूंनी खूप समजावलं. मशीन उचलून इकडे आणतो म्हणाले, तर त्या म्हणाल्या, तिला कारण सांगावंच लागेल. दुसरं काही कारण सांगू, तर म्हणाल्या, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

"आई, पण तुमचं खरं असेल तर घाबरायचं कशाला?" जावईबापू वैतागून म्हणाले.

सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून रोज ते वाक्य मी मनात ऐकते. आता वाटायला लागलंय, मीच रचलं की काय? डिस्कमध्ये नसलं तर माझ्यापाशी काय उरलं?"

यावर 'हं' म्हणायची जावईबापूंची छाती झाली नाही. त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या, आणि थोड्या वेळाने सासूबाईंनीही घातल्या.

आत्याबाईंनी दार उघडलं, डब्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.  फुलदाणी उचलली, मशीनवरची धूळ साडीच्या टोकाने झटकली आणि पहिल्या रांगेत बसल्यासारख्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

मशीनने डिस्क आत ओढली, जरा कुरकुर केली आणि पडद्यावर सभागृह उभं राहिलं. सासरे असे काटकसरी, की कॅमेरावाला न बोलावता कॅमेरा स्टँडवर लावून त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू ठेवलेला, आणि पुढे त्यातलं काहीही न कापता जसंच्या तसं डिस्कवर चढवलेलं. खुर्च्यांची मांडामांड झाली. पाहुण्यांच्या पाठी झाल्या. मग आत्याबाईंचं भाषण झालं, ते काही केल्या संपेना. भावाच्या गुणांची यादी ऐकताना खुद्द भाऊ घड्याळाकडे पाहत होता. शेवटी सासरे उठले. स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार मानले, जाताना पंखे बंद करायला सांगितलं आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. सगळे जेवायला उठले.

आत्याबाईंनी भुवया अशा उचलल्या, की बोलण्याची गरज उरली नाही. सासूबाईंनी पर्स उचलली. त्या एकदम थकलेल्या दिसायला लागल्या. जावईबापूंना भयंकर वाईट वाटलं. ही डिस्क आपणच खणून काढली, असं मनात येऊन ते ती थांबवायला धावले, तर थांबवायचं बटण सापडेना. तंत्रज्ञांनी एक दाबलं, आवाज मोठा झाला. दुसरं दाबलं, आणखी मोठा झाला. पडद्यावर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि लांबून ताटांचा आवाज येत होता. आणि मग अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, सासऱ्यांचा आवाज आला.

"अगं, ऐक. हे सगळं तुझ्यामुळे उभं राहिलं. मी नुसत्या किल्ल्या सांभाळल्या. मघाशी बोलणार होतो, पण समोर आमच्या बाईसाहेब बसलेल्या. म्हणाली असती, दादा बायकोच्या मुठीत गेला."

मग तिथूनच सासूबाईंचा आवाज आला. त्या म्हणाल्या, आधी तो पंखा बंद करा.

 जावईबापू रिमोट हातात धरून पुतळ्यासारखे उभे. सासूबाई रडत होत्या आणि त्यांना डोळे पुसायचंही सुचत नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाले नव्हते, हे त्या विसरल्या होत्या. म्हणाले होते, हे मात्र विसरल्या नव्हत्या.

आत्याबाई पडद्यावरच्या रिकाम्या पहिल्या रांगेकडे पाहत होत्या.

"म्हणालेच असते मी," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यापायी त्याला चोरून बोलावं लागलं."

डिस्क संपली. मशीनने नेहमीचा प्रश्न विचारला, डिस्क बंद करायची का? जावईबापूंना हायसं वाटलं, हे बटण त्यांना दिसत होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की आता बंद केली की ती घरच्या प्लेअरवर चालेल, कॉम्प्युटरवर चालेल, आई हवं तेव्हा पाहू शकतील. नाही केली तर दर वेळी इथे आत्याबाईंकडेच यावं लागेल.

सासूबाईंनी डोळे पुसले. नणंदेकडे पाहिलं. नणंद फुलदाणी मांडीत घेऊन बसली होती, परत कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

"वन्सं, पुढच्या वेळी तुमचं भाषण सोडून पाहू," सासूबाई म्हणाल्या, आणि मग जावयाकडे वळल्या. "खोकं भरलंय का?"

"नाही, आई. निम्मं रिकामं आहे."

"मग सील कशाला मारताय?"

आत्याबाईंनी फुलदाणी उचलून खिडकीत नेऊन ठेवली आणि त्या चहा टाकायला गेल्या.