कपाट सरकवायचा दिवस

लहानपणी आम्ही दोघी बहिणींनी बाबांचं नाव ‘विरजण’ ठेवलं होतं. घरात मजा चालू असली की ते दुकानातून यायचे आणि मजा संपायची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे घरी आल्यावर माणसांकडेही तसंच बघायचे, आत काही अडकलंय का शोधल्यासारखं. मला ते मुळीच आवडायचं नाही.

आई पडदे शिवायची. एरवी अबोल, मान खाली घालून मशीन चालवणारी बाई. पण महिन्यातून एकदोनदा तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. सकाळपासून गुणगुणायला लागायची, हातातलं शिवण बाजूला टाकायची आणि म्हणायची, चला गं, आज कपाट सरकवू. मग कपाट खिडकीपाशी, खाट भिंतीशी, मशीन दाराजवळ असं करत आम्ही तिघी अख्खं घर फिरवायचो. उरलेल्या कापडाचे झगे गुंडाळून नाचायचो. जेवणाची आठवण कोणालाच नसायची. आई हसून हसून खाली बसायची. लहानपणातलं जे काही सुंदर म्हणून मला आठवतं ना, ते सगळं त्या दिवसांतलं आहे.

संध्याकाळी विरजण यायचं. दारात उभं राहून आधी कपाटाकडे बघायचं, मग आईकडे. सरळ स्वयंपाकघरात जाऊन आलं ठेचायला लागायचं. खिडकीतल्या कुंडीतला पुदिना खुडायचं, दोन्ही पाण्यात उकळायचं. आईला आधी पोटभर जेवायला लावायचं, मग तो काढा पाजायचं, पडदे ओढायचं आणि आठाच्या ठोक्याला तिला झोपायला पाठवायचं. आम्हालाही. आई कुरकुरायची, आम्ही तोंडं फुगवायचो.

आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी आईची अर्धशिशी उठायची. अंधाऱ्या खोलीत अर्धं डोकं धरून, उशाशी बादली घेऊन ती पडलेली असायची. चमचा पडला तरी कळवळायची. आम्ही बहिणींनी यातून सरळ निष्कर्ष काढला, की बाबांच्या काढ्यानंच आईचं डोकं दुखतं. आदल्या दिवशी खिदळणारी बाई काढा पिऊन झोपते आणि सकाळी आडवी. आणखी काय पुरावा पाहिजे?

नऊ वर्षांची असताना मी आईला वाचवायचं ठरवलं. कपाट सरकवायचा दिवस होता. बाबा यायच्या आत मी पुदिन्याची कुंडी मागच्या गटारात उपडी केली आणि घरातलं आलंही तिथंच फेकलं. बाबांनी रिकामी खिडकी बघितली, डबे धुंडाळले. त्या दिवशी आईही ऐकायला तयार नव्हती, जेवलीसुद्धा नाही. पुढचे तीन दिवस ती उठली नाही. इतकं वाईट दुखणं आम्ही कधी बघितलं नव्हतं. बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. चौथ्या दिवशी नवी कुंडी आणली. मी मात्र मनात म्हटलं, आधीचा काढा अंगात साठलेला असणार.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. बाबा माझ्याकडे असतात. वय शहाऐंशी, भिंग अजून खिशात. आणि गेल्या वर्षापासून माझ्या लेकीची अर्धशिशी सुरू झाली आहे. तेरा वर्षांची पोर. पाण्यात मासोळीसारखी, पण दोन शर्यती डोकेदुखीत गेल्या. तिसरी चुकली तर संघातून नाव काढावं लागेल, असं तिच्या प्रशिक्षकांनी मला बजावून सांगितलं होतं. डॉक्टरांनी दुखायला लागलं की घ्यायची गोळी दिली, आणि दुखण्याआधी काय काय घडतं ते वहीत लिहायला सांगितलं. मी लिहीत होते. ऊन, परीक्षा, उपाशी राहिली, भांडली. धागा काही सापडत नव्हता. बाकी भोपळ्याच्या बिया झाल्या, कपाळाला पुदिन्याचं तेल झालं, शेजारणीनं दिलेली कसलीशी पाल्याची पूड आणून डॉक्टरांना विचारून फेकूनही झाली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी लेक शाळेतून आली ती गाणं म्हणतच. दप्तर भिरकावलं आणि म्हणाली, माझं टेबल खिडकीपाशी नेऊ या का? मी हरखलेच. हे तर आईचं हसू. आम्ही टेबल सरकवलं, मग पुस्तकांची मांडणी, मग खाट. तिचं दूध निवून गेलं. इतक्या वर्षांनी माझं घर मला परत मिळालं होतं.

बाबा त्यांच्या खोलीतून बाहेर आले. आधी टेबलाकडे बघितलं, मग नातीकडे. काठी टेकत स्वयंपाकघराकडे वळले. थोड्या वेळानं आलं ठेचल्याचा आवाज यायला लागला.

माझा तिळपापड झाला. आत जाऊन मी म्हणाले, “बाबा, हिच्या तरी आनंदावर विरजण घालू नका.”

त्यांनी ठेचणं थांबवलं नाही. “तुझी आई अशी हसायला लागली की दुसऱ्या दिवशी आडवी पडायची. हे मला कळायला अकरा वर्षं लागली. तिचं दुखणं असंच यायचं. हसत.”

मी ओट्याला टेकून उभी राहिले. ते सांगत होते, त्या संध्याकाळी ती वेळेवर जेवली, पोटात थोडं आलं-पुदिना गेलं, लवकर झोपली, तर दहातल्या चार वेळा टळायचं. सहा वेळा यायचंच.

“मग आईला कधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर पुढच्या वेळी हसू आल्याबरोबर घाबरली असती.” त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “महिन्यातले दोन दिवस हसायची ती. तेही घालवायचे?”

म्हणजे सगळा वाईटपणा त्यांनी आपल्याकडे घेतला होता, आणि तो आम्ही त्यांना आयुष्यभर घेऊ दिला. मला लाज वाटली. कुंडीचं सांगायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, माहीत आहे मला, पुढच्या वर्षी गटाराच्या कडेला पुदिना फुटला होता.

काढा गाळून त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. “तू ने,” म्हणाले, “माझ्या हातून सांडतो.”

लेक खाटेवर उभी राहून गात होती. मला पुढे व्हावंसं अजिबात वाटत नव्हतं. आणखी पाच मिनिटं, असं मी तीनदा मनाशी म्हटलं. मग आत गेले, पुरे झालं म्हणाले, जेवायला बसवलं, पेला हातात दिला आणि साडेआठला दिवा बंद केला. कारण सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे जसं बघितलं, ते बघणं मला चांगलं ठाऊक होतं. त्या वयात मी रोज सराव केला होता.

“मी खूश असलेलं तुला बघवतच नाही ना,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी वहीत लिहिलं, आज खूप हसली. आणि वही तिच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखलं नाही. पोहली, चौथी आली, संघातली जागा राहिली. कदाचित दुखणारच नव्हतं, ते मला कधी कळायचं नाही. घरी येताना मैत्रिणीला माझ्यादेखत सांगत होती, आईनं लवकर झोपवलं म्हणून अंग जड झालं, नाहीतर तिसरी आले असते.

मी बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी विचारलं, डोकं? मी म्हणाले, नाही दुखलं.

“बोलते का तुझ्याशी?”

“नाही.”

“दोन दिवस धर,” बाबा म्हणाले. “तुला तीन लागायचे.”