घाटातला हलका गिअर

मंगळवारी सकाळी मी गिअर हलका केला आणि स्वयंपाकघरातला कुकर जड झाला.

"अहो," मृदुला आतून म्हणाली, "कुकर उचलवत नाही."

मी हॉलमध्ये सायकल चालवत होतो. मागचं चाक काढून सायकल ट्रेनर नावाच्या एका यंत्रावर बसवलेली असते. समोर टीव्हीवर ॲपमधला रस्ता दिसतो आणि रस्ता चढू लागला की ट्रेनर पेडल जड करतो. यातले गिअर खरे नसतात. साखळी जन्मभर एकाच चकतीवर बसून राहते. हँडलवरचं उजवं बटण दाबलं की गिअर जड झाल्यासारखं वाटतं, डावं दाबलं की हलका. मी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवलं. भार नाहीसा होत नाही, कुठेतरी जातो, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत असे. मी उजवं बटण दाबलं. कुकर उचलला गेला.

त्यावर आम्ही फारसं बोललो नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात माणसं याहून विचित्र गोष्टींशी जुळवून घेतात. मृदुलाला पिठाचा डबा काढायचा असला की ती "घ्या हो जरा" म्हणायची आणि मी एक गिअर जड करायचो. मला दम लागला की मी "सोडतो गं" म्हणायचो आणि ती हातातलं खाली ठेवायची. शनिवारपर्यंत बरं चाललं होतं.

रविवारी आमच्या गटाचा घाट होता. गटात बाराजण आहेत, सगळे आपापल्या हॉलमध्ये. आवटे नावाचे गृहस्थ पुढारी. ते हेडफोनवरून सूचना देतात. चढावर एक गिअर कायम हातचा राखावा, हा त्यांचा नियम. मी तिसऱ्याच वळणावर होते नव्हते तेवढे सगळे वापरून पहिल्या, सगळ्यात हलक्या गिअरवर आलो. पेडलला आता काही जोरच लागेना. पडद्यावरचा मी एकेकाला मागे टाकत निघालो. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या आनंदात "सोडतो गं" म्हणायचं राहिलं.

मृदुला चहा घेऊन येत होती. तिने कप टेबलावर ठेवला, म्हणजे सोडलाच. मग ती खुर्चीत बसली. मग तिची मान वाकली. मंगळसूत्र तिला खाली ओढत होतं.

"मृदुला, काढ ते गळ्यातलं."

"हात उचलवत नाहीयेत," ती म्हणाली.

मी पेडल मारायचं थांबवलं. काहीच बदललं नाही. थांबलेल्या सायकलीचा गिअर बदलत नाही, भार जिथे असेल तिथेच राहतो. मी उतरून तिला खुर्चीसकट उचलू गेलो, पण खुर्ची तसूभर हलली नाही. मंगळसूत्राखाली बोट जाईना. तिचा श्वास आखूड होत चालला होता. मी इतका घाबरलो की आधी चुकीच्या बाजूने सायकलवर चढायला गेलो. भार परत घ्यायची वाट मात्र तेवढी एकच होती, म्हणून पुन्हा चढलो आणि पाय मारू लागलो.

"आवटे, माझ्या घरात भार साचलाय."

"ॲपमध्ये वजन किती लिहिलंत?"

आमच्यात सगळेच वजन दोन-चार किलो कमी लिहितात. वजन कमी असलं की पडद्यावरचा माणूस घाट लवकर चढतो. मी अठ्ठ्याहत्तरचे बासष्ट लिहिले होते.

"बासष्ट."

"अहो, बासष्ट तुम्ही लग्नात होतात," मृदुला खाली बघत म्हणाली.

"घरात आणखी कोणी आहे?" आवट्यांनी विचारलं.

"बायको आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "आमच्याकडेही तसंच आहे. चालवत राहा."

मी खरं वजन लिहू गेलो. चढ संपेपर्यंत वजन बदलता येणार नाही, असं पडद्यावर आलं. चढ किती उरलाय, असं मी आवट्यांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही चालवाल तसा तो पुढे तयार होतो.

इकडे आड, तिकडे विहीर. थांबलो तर भार तिच्यावर राहणार आणि चालवलं तर घाट वाढणार. मी उजवं बटण दाबत गेलो. दुसरा गिअर, तिसरा. मृदुलाची मान बोटभर वर आली. चौथ्याला तिला माझी पावलं दिसली असावीत, कारण ती म्हणाली, "बुटाची नाडी सुटलीये." पाचव्याला माझ्या गुडघ्यात कळ आली. सहाव्याला तिचा चेहरा दिसला. ओठ पांढरे पडले होते, पण श्वास पुरा येत होता. तेवढ्यात रस्ता आणखी उभा झाला. खुर्चीचे पाय दोन बोटं फरशीत गेले आणि मागोमाग तिची पावलं.

आठवा गिअर मिळाला असता तर ती उठली असती. सातव्याला पेडल वर जाऊन अडलं. मी सगळं अंग त्यावर टाकलं, लिहिलेलं आणि न लिहिलेलं. ते कसंबसं खाली गेलं आणि दुसरं वर आलं.

"दमलात का हो?" तिने विचारलं.

"नाही."

"पाय थरथरतायत. दिसतंय मला." फरशी तिच्या घोट्यांपर्यंत आली होती. "एक हलका करा. एकच. मी बघते."

"वेडी आहेस का?" मी ओरडलो. अगदी मनापासून ओरडलो. त्या घडीला तिच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी सत्तावीस वर्षांत वाटली नव्हती.

मग मी हँडलकडे पाहिलं. डावा अंगठा डाव्या बटणावर दाबलेला होता. समोर तिचा चेहरा नव्हता, नुसता भांग दिसत होता, आणि पेडल अगदी सहज फिरत होतं.