सत्तेचाळीस नंबरचा वाफा

बाकल्याच्या शेंगेमागे त्या माणसाने अकरा वर्षं घालवली होती. दाणा जाड हवा, शेंग भरघोस हवी, आणि तीही पाऊस रुसलेल्या मुलखात! बायको म्हणायची, "सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं." संशोधन केंद्रात सगळे त्याला बाकलाशेठ म्हणायचे, आणि तोही ते हसून घ्यायचा.

यंदाची चाचणी शेवटची होती. फुलं लागली की सगळ्या वाणांचं पाणी तोडायचं आणि तहानेवर कोण किती दाणा देतं ते बघायचं. समितीने पसंत केलेलं बियाणं पुढच्या हंगामात कोरडवाहू गावांत जाणार होतं. ह्याचा वाण सत्तेचाळीस नंबरचा. पाणी तोडल्यावर दहाव्या दिवशी इतरांसारखीच त्याचीही पानं काळवंडायला लागली. तो बांधावर डोकं धरून बसला, आणि खुरपणीला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं.

मग सत्तेचाळीस नंबर हिरवागार झाला. एकटाच!

तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याला खिडकीतून कारण दिसलं. मावशी लंगडत लंगडत नळावरून बादली आणत होत्या आणि त्याच्या वाफ्यात ओतत होत्या. आता शहाण्या माणसाने काय करावं? धावत जाऊन बादली धरावी, चाचणी फुकट गेली म्हणून कळवून टाकावं. ह्याने काय केलं, तर पडदा ओढला! रोज दुपारी, चांगला महिनाभर. संध्याकाळी वहीत लिहायचा, 'सत्तेचाळीस : पाण्याचा ताण सहन करतो.' लिहिताना कान तापायचे, स्वतःचीच किळस यायची, पण पडदा काही उघडला नाही.

समिती आली. अध्यक्षबाई वाफ्यापाशी वाकल्या आणि त्यांनी माती उकरली. आत ओल होती.

"इथे पाणी कोणी घातलं?"

तो वहीची पानं उलटायला लागला. "मला... मला कल्पना नाही, मॅडम. चौकशी करतो."

"चौकशी कसली करताय?" मागून मावशी पुढे आल्या. "मीच घातलं. सरांना काही माहीत नाही हो, त्यांना बोल लावू नका. एवढं जिवापाड जपलेलं पीक डोळ्यांदेखत करपत होतं, मला बघवलं नाही."

"अहो, पाणी न देताच बघायचं होतं ते!" अध्यक्षबाई कडाडल्या. "उद्यापासून ह्यांना कामावर घेऊ नका."

मावशींचा चेहरा उतरला. "असं होतं होय? मला कुणी सांगितलंच नाही."

त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थांबा," तो कसाबसा म्हणाला, "मला माहीत होतं. महिनाभर मी खिडकीतून बघत होतो. माझा वाण बाद करा, त्यांना काढू नका."

अध्यक्षबाईंनी यादीतला सत्तेचाळीस नंबर खोडला. मावशींना आता हायसं वाटेल, असं त्याला वाटलं. त्या मात्र त्याच्याकडे एकटक बघत राहिल्या.

"बघत होतात?" त्या म्हणाल्या. "रोज बारा बादल्या आणल्या, सर. माझे गुडघे बघून तुम्ही अडवाल, म्हणून तुम्ही आत गेल्यावर आणायचे मी."